एक वही, अनेक हात : बीजक क्रमांकाच्या सलगतेचा इतिहास आणि बहुवापरकर्ता संगणक प्रणाली (विशेष संदर्भ : मराठवाड्यातील साखर कारखानदारी)

प्रस्तावना

इतिहास संशोधनात दस्तऐवजातील मजकुराचा जितका विचार होतो, तितका त्याच्या कोपऱ्यात लिहिलेल्या क्रमांकाचा होत नाही. मजकूर लेखकाचा असतो. क्रमांक मात्र व्यवस्थेचा असतो. ४१२ नंतर ४१३ आणि त्यानंतर ४१४ ही पावती असेल, तर मधली एकही पावती फाडून टाकलेली नाही आणि मागाहून एकही घुसडलेली नाही, अशी ग्वाही तो क्रमांक मूकपणे देत असतो. ४१३ क्रमांकाची पावती नसेल, तर तिचे नसणे हाच एक पुरावा ठरतो. क्रमांकाच्या या साक्षीवर लेखापरीक्षक, न्यायालये आणि अभिलेखागारात काम करणारे अभ्यासक आजवर विसंबून राहिले आहेत.

संगणकावर एकाच वेळी अनेक व्यक्ती बीजके तयार करू लागल्यानंतर ही साक्ष पूर्वीसारखी राहिली आहे काय, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा प्रश्न आहे. तो वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्याची मुळे दप्तरव्यवस्थेच्या इतिहासात आहेत. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात वसलेले अंकुशनगर हे गाव या प्रश्नाकडे पाहण्यास सोयीचे स्थान आहे. साखर कारखाना हे ग्रामीण महाराष्ट्रातील असे ठिकाण आहे, की जेथे शेतकऱ्याच्या वजन पावतीपासून साखरेच्या विक्री बीजकापर्यंत सर्व व्यवहार क्रमांकाने बांधलेले असतात आणि गळीत हंगामात ते रात्रंदिवस, अनेक हातांनी चालू असतात.

उद्दिष्टे

१) सलग क्रमांक देण्याच्या पद्धतीचा मराठी मुलखातील विकास थोडक्यात पाहणे.
२) कागदी व्यवस्थेत अनेक लिपिकांच्या एकाच वेळी होणाऱ्या लेखनावर कोणते उपाय योजले गेले, हे स्पष्ट करणे.
३) बहुवापरकर्ता संगणक प्रणालीत त्याच उपायांचे झालेले रूपांतर तपासणे.
४) भावी इतिहास साधनांच्या दृष्टीने या बदलाचे परिणाम मांडणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. नोंदणी, उत्पादन शुल्क आणि वस्तू व सेवा कर यांविषयीच्या कायद्यांतील व नियमांतील तरतुदी, तसेच डेटाबेस शास्त्राच्या विकासातील प्रमुख टप्पे हा विवेचनाचा आधार आहे.

१. क्रमांकापूर्वीची व्यवस्था : तिथी, रुजुवात आणि मोर्तब

मराठेशाहीच्या दप्तरात हिशेबाचा पाया रोजकीर्द हा होता. त्या त्या दिवशीची जमा व खर्च त्याच दिवसाखाली लिहिली जाई. नोंदीची ओळख क्रमांकावरून नव्हे, तर काळावरून पटे. ‘छ’ या संक्षेपाने दर्शविलेला चंद्र, महिना आणि शुहूर सन एवढ्यावर कागदाचे स्थान निश्चित होई.

मग मागाहून भर घालण्यास प्रतिबंध कसा होता? त्यासाठी कागदाच्या दोन्ही टोकांना बंद करण्याची युक्ती होती. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब. मोर्तब झाल्यावर त्याखाली लिहिलेले ग्राह्य नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा आजचा शब्द त्याच रीतीची आठवण आहे. लांब कागद एकमेकांस चिकटविताना जोडावर शिक्का उमटविला जाई, जेणेकरून मधला बंद बदलता येऊ नये. पत्र निरनिराळ्या दप्तरांत नोंदले गेल्याच्या ‘रुजू’, ‘बार’ यांसारख्या खुणा कागदावर होत. एका ठिकाणी फेरफार झाला तरी दुसऱ्या दप्तरातील नोंद त्यास विरोध करील, हे या व्यवस्थेचे मर्म होते.

या व्यवस्थेची कसोटी ब्रिटिश काळात लागली. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दख्खन व दक्षिण मराठा मुलखातील इनामांची चौकशी केली, तेव्हा पेशवे दप्तरातील नोंद असणे वा नसणे यावर अनेक घराण्यांच्या उत्पन्नाचे भवितव्य ठरले. नोंद सापडत नाही याचा अर्थ ती झालीच नव्हती, की कागद नष्ट झाला, की तो काढून घेतला गेला, हे तिथीवर आधारलेल्या दप्तरावरून सांगणे सोपे नव्हते. एखाद्या दिवशी किती कागद लिहिले गेले असावेत हे तिथी सांगत नाही. ते फक्त सलग क्रमांकच सांगू शकतो. क्रमांकाचे महत्त्व येथे प्रथम जाणवते.

२. बांधलेली वही आणि सलग क्रमांक

वसाहतकालीन प्रशासनाने क्रमांकास कायद्याचे अधिष्ठान दिले. त्याचे सर्वांत रेखीव रूप १९०८ च्या नोंदणी अधिनियमात दिसते. कलम १६ नुसार नोंदणी पुस्तकांची पाने छापील अनुक्रमांकाची असावी लागतात आणि एकूण पाने किती, हे पुस्तक देणाऱ्या अधिकाऱ्याने मुखपृष्ठावर प्रमाणित करावे लागते. कलम ५२ नुसार दस्त ज्या क्रमाने दाखल करून घेतले, त्याच क्रमाने पुस्तकात उतरवावयाचे असतात. कलम ५३ नुसार प्रत्येक पुस्तकातील नोंदींना सलग क्रमांक द्यावयाचे असून ही मालिका वर्षारंभी सुरू होऊन वर्षाअखेर संपते.

या तीन कलमांत तीन वेगळे गुण सामावलेले आहेत. पहिला अनन्यता, म्हणजे एक क्रमांक दोन दस्तांना मिळू नये. दुसरा क्रम, म्हणजे आधी आलेल्यास आधीचा क्रमांक मिळावा. तिसरा सलगता, म्हणजे मध्ये एकही क्रमांक गाळला जाऊ नये. कागदाच्या युगात हे तिन्ही गुण एकत्रच मिळत; कारण वही एक होती आणि एका क्षणी ती एकाच लिपिकाच्या हाती असे. ज्याच्या हाती वही, तोच पुढचा क्रमांक देणार. त्यामुळे हे गुण भिन्न आहेत, याची जाणीव होण्याचे कारणच नव्हते.

‘वर्षारंभ’ हा शब्दही मराठवाड्यात तितकासा सरळ नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीत होता आणि सरकारी व्यवहार फसली सनाने चाले. जमिनीच्या हक्कनोंदणीचा हैदराबाद संस्थानातील कायदाही ‘१३५८ फसली’ या वर्षानेच ओळखला जातो. व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीस बदलत. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १८६७ पासून एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष स्वीकारले होते, तर साखर उद्योगाचे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे मोजले जाते. म्हणूनच क्रमांकाचा अर्थ वर्षासह वाचावा लागतो. केवळ ‘४१३’ ही ओळख अपुरी ठरते.

३. साखर कारखाना : क्रमांकाची तीन रूपे

साखरेवर १९३४ मध्ये उत्पादन शुल्क बसविण्यात आले. शुल्क भरल्याखेरीज पोते फाटकाबाहेर जाऊ नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. प्रारंभी शुल्क अधिकाऱ्याची प्रत्यक्ष देखरेख असे. १९६८ पासून स्वयंनिर्गमन पद्धती लागू होऊ लागली आणि कारखान्याने स्वतःच शुल्क आकारून माल बाहेर काढावा, असे ठरले. अधिकारी फाटकावरून हटला, तेव्हा त्याची जागा गेटपासच्या अनुक्रमांकाने घेतली. देखरेख करणारा डोळा कमी झाला, की क्रमांकाचे मोल वाढते, हा या इतिहासातील महत्त्वाचा धडा आहे. १९९४ मध्ये गेटपासऐवजी बीजक हाच शुल्काचा दस्तऐवज झाला.

२००२ च्या केंद्रीय उत्पादन शुल्क नियमांतील नियम ११ या दृष्टीने मननीय आहे. बीजकावर अनुक्रमांक हवा. बीजक पुस्तक वापरात आणण्यापूर्वी त्यातील क्रमांक अधीक्षकास कळवावेत. आणि विशेष परवानगीखेरीज एका वेळी एकच बीजक पुस्तक वापरात असावे, असे तो नियम सांगतो. यांतील शेवटची अट विशेष लक्षणीय आहे. दोन पुस्तके एकाच वेळी उघडी असतील तर क्रमांक आणि काळ यांचा मेळ तुटेल, हे नियमकर्त्यांनी ओळखले होते. संगणकशास्त्रात ज्यास ‘लॉक’ म्हणतात, ते कुलूप येथे कायद्याच्या भाषेत लिहिलेले आहे.

परंतु सर्वच कामे एका पुस्तकावर चालत नाहीत. त्यासाठी कागदी व्यवस्थेने आणखी दोन मार्ग शोधले होते. पहिला मार्ग मालिका वाटून देण्याचा. राज्य परिवहनाच्या प्रत्येक वाहकास छापील क्रमांकाच्या तिकिटांचे वेगवेगळे गठ्ठे मिळत आणि आरंभीचा व अखेरचा क्रमांक वे-बिलावर नोंदला जाई. शेकडो वाहक एकाच वेळी तिकिटे फाडत असूनही एक क्रमांक दोघांकडे जात नसे. येथे संपूर्ण आगारातील काळक्रम सोडून दिलेला आहे. मात्र प्रत्येक गठ्ठ्यापुरती सलगता कायम आहे. सहकारी संस्था व ग्रामपंचायती यांच्या पावती पुस्तकांची साठा नोंदवही याच तत्त्वावर चालते.

दुसरा मार्ग उसाच्या काट्यावर पाहावयास मिळतो. बैलगाडी, ट्रॅक्टर वा ट्रक कारखान्याच्या आवारात आला, की त्यास टोकन क्रमांक मिळतो. तो केवळ रांगेतील पाळी सांगतो. भरलेल्या वाहनाचे वजन होते, ऊस गव्हाणीकडे जातो, रिकाम्या वाहनाचे पुन्हा वजन होते आणि निव्वळ वजन निश्चित झाल्यावर शेतकऱ्याच्या नावे वजन पावती निघते. रांगेतील वाहन काही कारणाने परत गेले, तर टोकनाचा क्रमांक वाया जातो. पावतीचा जात नाही. तात्पुरता क्रमांक आरंभी आणि कायमचा क्रमांक व्यवहार पूर्ण झाल्यावर, असा हा विवेक आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत त्याची किंमत देणे अपेक्षित असल्याने, त्या पावतीवरील दिनांक व क्रमांक हा शेतकऱ्याच्या हक्काचा पुरावा असतो.

४. बहुवापरकर्ता संगणक आणि ‘पुढचा क्रमांक’

संगणकाचा वापर सुरू झाला, तेव्हा प्रारंभी एकच यंत्र व एकच लिपिक अशी स्थिती होती. डीबेस, फॉक्सप्रो यांसारख्या प्रणालींत शेवटचा क्रमांक शोधून त्यात एक मिळविणे एवढे पुरेसे होते. अनेक यंत्रे एका जाळ्यात जोडली गेली, तेव्हा या साध्या रीतीतील दोष उघड झाला.

तो दोष उदाहरणाने स्पष्ट होईल. विक्री विभागातील दोन लिपिक एकाच क्षणी बीजक तयार करीत आहेत. पहिल्याने शेवटचा क्रमांक वाचला : ४१२. त्याची नोंद साठविली जाण्यापूर्वीच दुसऱ्यानेही तो वाचला : ४१२. दोघांनीही एक मिळविला आणि दोन भिन्न ग्राहकांच्या बीजकांवर ४१३ हा एकच क्रमांक पडला. दोघांपैकी कोणीही चूक केलेली नाही. वही एक होती तेव्हा ‘वाचणे’ आणि ‘लिहिणे’ या दोन क्रियांमध्ये दुसऱ्याचा हात शिरूच शकत नव्हता; आता तो शिरू शकतो. नोकरदारांच्या प्रामाणिकपणाशी या दोषाचा संबंध नाही, ही बाब लेखापरीक्षणात ध्यानी घ्यावयास हवी.

जागतिक स्तरावर या प्रश्नाचा विचार १९६० च्या दशकातच सुरू झाला होता. एका वेळी एकाच क्रियेस प्रवेश देण्याचा प्रश्न एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये मांडला. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७४ मध्ये त्यावर सुचविलेली रीत ‘बेकरी’ या नावाने प्रसिद्ध आहे; दुकानात येणाऱ्या ग्राहकास क्रमांकाची चिठ्ठी द्यावी आणि लहान क्रमांकास आधी सेवा द्यावी, ही तिची कल्पना. दोघांना एकच चिठ्ठी मिळण्याची शक्यता लॅम्पोर्ट यांनी गृहीतच धरली होती. तसे झाल्यास कोणास आधी घ्यावे, हे ठरविण्याची तजवीज त्या रीतीतच आहे. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची संकल्पना मांडली आणि १९७६ मध्ये एस्वरन, ग्रे, लॉरी व ट्रेगर यांनी अनेक व्यवहार एकत्र चालताना विदेची सुसंगतता कुलुपांच्या साह्याने कशी राखावी, याचे शास्त्र सिद्ध केले. अनेक पायऱ्यांचा व्यवहार एक तर पूर्ण व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

बीजक क्रमांकासाठी आज प्रचलित असलेले उपाय पाहिले, तर ते वर वर्णिलेल्या कागदी मार्गांचीच रूपे आहेत, असे दिसते.

पहिला उपाय क्रमांकाची स्वतंत्र नोंद ठेवून तिला कुलूप लावण्याचा. ज्यास क्रमांक हवा, त्याने ती नोंद ताब्यात घ्यावी, एक मिळवावा, बीजक साठवावे आणि मगच ताबा सोडावा. व्यवहार मध्येच फसला, तर वाढविलेला क्रमांकही मागे येतो. त्यामुळे सलगता अबाधित राहते. नियम ११ मधील ‘एकच पुस्तक’ ते हेच. त्याची किंमत प्रतीक्षेच्या रूपाने द्यावी लागते. एकाचे काम संपेपर्यंत इतर सर्व थांबतात.

दुसरा उपाय डेटाबेसमधील अंगभूत क्रमनिर्मात्याचा, म्हणजेच ‘सिक्वेन्स’चा. त्यास २००३ च्या एसक्यूएल मानकात स्थान मिळाले. तो मागेल त्यास तत्काळ नवा क्रमांक देतो. परंतु एकदा दिलेला क्रमांक परत घेत नाही. बीजक अर्ध्यावर रद्द झाले, तर तो क्रमांक कायमचा गळतो. वेगासाठी काही क्रमांक आगाऊ काढून ठेवलेले असतील, तर यंत्र अचानक बंद पडल्यास ते सारेच वाया जातात. २०१२ च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर क्रमांक एकदम सुमारे हजाराने पुढे गेल्याचे अनुभव अनेकांस आले, ते याच कारणाने. येथे अनन्यता आहे, सलगता नाही. काट्यावरील टोकनाचा हा सख्खा भाऊ होय; तो पावतीच्या जागी वापरणे ही चूक आहे.

तिसरा उपाय प्रत्येक विभागास वा खिडकीस वेगळी मालिका देण्याचा, म्हणजेच वाहकांच्या तिकीट गठ्ठ्यांचा. चौथा उपाय मसुद्यास तात्पुरती ओळख देऊन बीजक निश्चित होताना, अगदी शेवटच्या क्षणी, कुलूप लावून कायमचा क्रमांक देण्याचा. त्यात पहिल्या उपायाची सलगता मिळते आणि प्रतीक्षाही क्षणभराचीच उरते. काट्यावरील टोकन व वजन पावती यांचे नाते येथे जसेच्या तसे दिसते.

५. कायद्याची बदललेली भाषा

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि साखरेवरील उत्पादन शुल्क त्यात विलीन झाले. नव्या नियमांतील नियम ४६ नुसार बीजकावर सलग अनुक्रमांक हवा. तो सोळा चिन्हांपेक्षा मोठा नसावा. तो एका किंवा अनेक मालिकांत असू शकतो. आणि आर्थिक वर्षात अनन्य असावा. ‘एका वेळी एकच पुस्तक’ ते ‘एक किंवा अनेक मालिका’ हे अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. अनेक हातांनी एकाच वेळी होणारे लेखन येथे अपवाद न राहता रीत झाले. त्याच वेळी जीएसटीआर-१ या विवरणाच्या तेराव्या तक्त्यात प्रत्येक मालिकेचा आरंभीचा क्रमांक, अखेरचा क्रमांक, एकूण संख्या व रद्द केलेल्यांची संख्या मागितली जाते. हे वे-बिलाचेच आधुनिक रूप म्हणता येईल.

१ ऑक्टोबर २०२० पासून प्रथम मोठ्या उलाढालीच्या व्यवसायांना आणि पुढे टप्प्याटप्प्याने इतरांना ई-बीजक बंधनकारक झाले. त्यात पुरवठादाराचा कर क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्ताचा प्रकार व दस्त क्रमांक यांवरून ६४ चिन्हांची संदर्भ ओळख तयार होते. तीच माहिती पुन्हा आली, तर ती नाकारली जाते. म्हणजे अनन्यतेचा भार त्या ओळखीवर गेला; क्रम व सलगता यांचा भार मात्र बीजक देणाऱ्याच्या क्रमांकावरच राहिला. नोंदणी अधिनियमाच्या वहीत एकत्र नांदणारे तीन गुण आता निरनिराळ्या ठिकाणी राहू लागले आहेत.

६. इतिहास साधनांच्या दृष्टीने परिणाम

या विवेचनाचा इतिहासाच्या अभ्यासकांशी थेट संबंध आहे. बांधलेल्या वहीत एखादा क्रमांक नसेल, तर त्यामागे मानवी कृती असणार, असे अनुमान काढता येत असे. कोणीतरी पान फाडले, कोणीतरी नोंद गाळली. संगणकीय मालिकेतील खंड मात्र यंत्र बंद पडल्यानेही पडू शकतो. सहकारी संस्थांची आजची विक्री बीजके, वजन पावत्या व सभासद खाती हीच उद्याच्या आर्थिक इतिहासाची साधने आहेत. पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकास ४१३ हा क्रमांक सापडला नाही, तर तो वीज गेल्याचा परिणाम होता, की कोणाचा हक्क दडपल्याची खूण होती, हे त्यास कसे कळावे? इनाम कमिशनसमोर जो पेच तिथीवर आधारलेल्या दप्तराने उभा केला होता, तोच क्रमांकांचा सुकाळ असलेल्या युगात नव्याने उभा राहू पाहत आहे. इनामदार घराण्यांचा अनुभव असा, की नोंदीच्या अभावाचा फटका सामान्यतः दप्तर ज्याच्या हाती आहे त्यास बसत नाही. तो ज्याचा हक्क सिद्ध व्हावयाचा आहे त्यास बसतो. काट्यावरील शेतकरी हा त्याच पंक्तीतील आहे.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा प्रणालीत प्रत्येक बदलाचा माग राखणे अनिवार्य झाले आहे. ‘रुजू’ आणि ‘बार’ या जुन्या खुणांशी त्याचे साम्य स्पष्ट आहे : एका नोंदीची साक्ष दुसऱ्या ठिकाणी असावी. सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत. तथापि हे तत्त्व त्यांनीही स्वतःहून स्वीकारण्यास प्रत्यवाय नाही.

निष्कर्ष

१) अनन्यता, क्रम आणि सलगता हे क्रमांकाचे तीन भिन्न गुण आहेत. एक वही व एक हात या व्यवस्थेत ते एकत्र मिळत. अनेक हातांच्या व्यवस्थेत त्यांची निवड जाणीवपूर्वक करावी लागते.

२) बहुवापरकर्ता डेटाबेसमधील उपाय सर्वस्वी नवे नाहीत. एकच बीजक पुस्तक, वाहकांचे तिकीट गठ्ठे आणि काट्यावरील टोकन यांत त्यांची तत्त्वे आधीच रुजलेली होती.

३) करविषयक व हक्कविषयक दस्तांसाठी कायमचा क्रमांक व्यवहार निश्चित होताना द्यावा. एकदा दिलेला क्रमांक रद्द झाल्यास ती नोंद पुसून न टाकता कारण व दिनांकासह जतन करावी.

४) मालिकेतील खंड हा दोष असेलच असे नाही, परंतु कारण न नोंदविलेला खंड हा इतिहासाच्या दृष्टीने कायमचा दोष आहे. मराठी दप्तराने कागदाच्या शेवटी मोर्तब करून जी दक्षता घेतली होती, तीच दक्षता संगणकीय क्रमांकाच्या बाबतीत घेणे ही आजच्या संस्थाचालकांची, लेखापालांची आणि अभिलेखांच्या अभ्यासकांची सामाईक जबाबदारी आहे.